मागच्या पायाखालचा पत्रा

घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात मी एका ब्याऐंशी वर्षांच्या माणसाशी फोनवर खोटे बोललो. खोटे एकाच शब्दाचे होते. ते बोलताना माझा डावा हात लेथच्या, म्हणजे धातू कातायच्या यंत्राच्या, डावीकडच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर टेकलेला होता, हे नीट आठवते. कारण तिथले बीड कोमट लागत होते आणि यंत्र जेमतेम दहा मिनिटे चाललेले असताना ते इतके कोमट लागायला नको होते. पलीकडून मेस्त्रींनी विचारले, "बुशाला हात लावला न्हाई न्हवं, सर?" मी म्हणालो, "नाही." ते "ब्येस केलंसा" म्हणाले, घरच्यांची विचारपूस केली आणि फोन ठेवला. त्यानंतर बराच वेळ मी तसाच उभा होतो. विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तरावरून निरीक्षणे बेतून लिहिली, की मला ती एका नजरेत ओळखता येत. मेस्त्रींना फोनवरून तसे काही ओळखता आले असेल का, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घर करून बसला आहे.

हा लेथ मेस्त्रींचाच. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरमध्ये उमेदीची वर्षे टर्नर म्हणून काढल्यावर त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये साडेचार फुटी लेथ टाकला होता आणि गुडघे साथ देईनासे होईपर्यंत त्यावर पंपाच्या शाफ्टपासून शिलाई यंत्राच्या पुलीपर्यंत जे येईल ते काम केले. यंत्र राजकोटचे आहे असे ते सांगतात. त्यावरची नावाची पट्टी कधीच गळून गेली आहे, तिच्या जागी रिव्हेटची चार भोके तेवढी उरली आहेत. सेंटरची उंची साडेसहा इंच, टूल सरकवणारा लांब लीडस्क्रू इंचाला चार आट्यांचा, आणि कातायचा तुकडा फिरवणारा दांडा म्हणजे स्पिंडल ज्या नळ्यांत फिरतो ते पुढचा आणि मागचा असे दोन्ही बुश गनमेटलचे. शेड आवरायची ठरली तेव्हा भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला आणि मेस्त्रींनी त्याला चहा पाजून परत पाठवले. मग निवृत्तीनंतर दुर्बिणी करण्याच्या नादाला लागलेल्या माझ्यासारख्या पदार्थविज्ञानाच्या मास्तराला त्यांनी तो दिला. त्यांनी घेतलेली रक्कम भंगारापेक्षा थोडी जास्त होती आणि बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी.

आणण्याचा दिवस घामाचा होता. माझ्या बोळात टेम्पो शिरत नाही, म्हणून लेथ आणि त्याचा स्टँड सुटे करावे लागले. स्टँड अँगल जोडून मेस्त्रींनी स्वतः वेल्डिंग केलेला आहे. लेथ पाइपांवरून लोटत आणला. नाक्यावरची चार मुले आणि दोन शेजारी "हां, अजून, हां, थांबा" करत होते, आणि मी मध्ये लुडबुडत होतो. बोल्ट काढून बेड, म्हणजे लेथचा लांब बिडाचा पाया, उचलताना टेलस्टॉककडच्या, म्हणजे हेडस्टॉकसमोरच्या टोकाच्या, मागच्या पायाखालून काडेपेटीएवढा पत्र्याचा तुकडा खाली पडला. तेलाने काळा झालेला, मधोमध बोल्टपुरते भोक पाडलेला, आणि एका कडेला वनस्पती तुपाच्या डब्यावरचा हिरवा रंग अजून शाबूत असलेला. मी तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि भंगाराच्या बादलीत टाकला. त्या क्षणी मनात आलेला विचार आज लिहायला लाज वाटते, पण लिहितो: इतका चांगला कारागीर आणि शेवटी डब्याच्या पत्र्याची ठिगळे. पुढच्या आठवड्यात मी स्टँडला राखाडी एनॅमल दिला, चारही बोल्ट नवे आणले, आणि लांब पान्याला पाइप अडकवून ते असे आवळले की पुन्हा कोणाला सुटू नयेत.

लेथ सुरू झाला तेव्हाचा आवाज मात्र सुंदर होता. पट्ट्याच्या जोडावर दर फेऱ्याला होणारी टक्, बॅकगियरची घरघर, आणि तुकडा पकडणारा चक थांबताना स्पिंडलमधून निघणारा एक लांब सुस्कारा. हा आवाज मी लहानपणी ऐकला आहे. शाळेतून येताना आम्ही मुद्दाम उद्यमनगरमधून वळसा घेत असू. त्या काळी तिथे दर दुसऱ्या शटरमागे ऑइल इंजिनाचा नाहीतर उसाच्या चरकाचा काही ना काही भाग बनत असे. चरकाचा पोलादी शाफ्ट लेथवर चढलेला असे आणि त्याच्यावरून निघणारा कीस स्प्रिंगसारखा वळत, धुरत, निळा होत खाली पडत असे. तो निळा रंग पाहण्यासाठी आम्ही दारात उभे राहत असू आणि एखादा टर्नर मान न वळवता "ए पोरा, लांब हो" म्हणत असे. तीनशे अंशांच्या आसपास तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्या थराच्या जाडीने हा रंग दिसतो, हे मी पुढे अकरावीच्या मुलांना शिकवले. साबणाच्या फुग्याचे रंग आणि त्या किसाचा रंग यांमागचे कारण एकच आहे, असे सांगताना मला दरवेळी उद्यमनगरचा वास येई: जळके तेल, ओली माती आणि भट्टीचा कोळसा.

आता बिघाडाविषयी. दुर्बिणीला आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचे भिंग, बसवायची नळी सहसा सव्वा इंची असते, म्हणजे 31.75 मिलिमीटर. त्या नळीत सरकणारी पितळी कडी करताना ती एका टोकाने सैल आणि दुसऱ्या टोकाने घट्ट बसू लागली. मायक्रोमीटर लावून पाहिले तर दोन्ही टोकांच्या व्यासांत फरक होता. मग रीतसर चाचणी घेतली. एक जाड सळई चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, तिच्यावर दीडशे मिलिमीटर अंतरावर दोन कडी, म्हणजे उंच पट्टे, ठेवली, मधला भाग खोल काढून टाकला आणि दोन्ही कड्यांवरून एकाच सेटिंगचा हलका कट फिरवला. बेड आणि स्पिंडल एकमेकांना समांतर असतील तर दोन्ही कड्यांचा व्यास सारखा यायला हवा. चकजवळ 25.05 आला, बाहेरच्या टोकाला 25.00. पाच शतांश मिलिमीटर म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडीही भरत नाही. पण लेथच्या जगात पाच शतांश हा चारचौघांत सांगण्यासारखा आकडा नाही.

तेहतीस वर्षे मी मुलांना स्क्रूगेज वापरायला शिकवले. स्क्रूगेज हाती आला की आधी जबडे मिटवून शून्य त्रुटी पाहायची, ती वहीच्या वर उजव्या कोपऱ्यात लिहायची, आणि मगच तार मोजायची. जो मुलगा हे विसरेल त्याचे गुण मी न चुकता कापत असे. लेथच्या बाबतीत मी तेच विसरलो. नव्या जागी आणून, नवे बोल्ट आवळून उभ्या केलेल्या यंत्राची शून्य त्रुटी न पाहता मी थेट त्याचे वय मोजायला बसलो. म्हातारा लेथ आहे, झिजला असणार, असे गृहीत धरले की झीज शोधायला वेळ लागत नाही. पन्नास वर्षे चाललेल्या यंत्रात ती जिथे बोट ठेवाल तिथे सापडते.

आणि ती सापडतही गेली. आधी टूल. त्याचे टोक सेंटरच्या किंचित खाली होते, पॅकिंग देऊन बरोबर केले. मग टूलपोस्टखालच्या सरकत्या भागाची, कंपाउंड स्लाइडची, सरकण्याला बेताचा घट्टपणा देणारी गिब पट्टी सैल निघाली. कट जरा खोल घेतला की लेथ कण्हू लागे आणि जॉबवर, म्हणजे कातत असलेल्या तुकड्यावर, बारीक लाटा उमटत, त्यामागचे खरे कारण हीच पट्टी होती. ती काढून घासली, स्क्रू एकेक करून समान घट्ट केले, आणि कण्हणे बंद झाले. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. पण दोन कड्यांमधला फरक होता तिथेच होता. मग टेलस्टॉक तपासला. चाचणीत टेलस्टॉकचा काहीही संबंध नव्हता, हे माहीत असूनही तपासला, कारण बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे डायल गेज हातात असले की माणूस थांबत नाही. मग पट्टा बदलला, मोटारीखाली रबर घातले, चकचे जॉ काढून धुतले, सॅडलच्या खाली अडकलेला कीस दाभणाने उकरून काढला. दर रविवारी एक संशयित. वहीत रकाने आखून प्रत्येक रविवारची दोन मापे लिहिली. ती वही आज चाळताना हसू येते, कारण उपाय बदलत गेले आहेत आणि शेवटच्या रकान्यातला फरक पाच, साडेपाच, पाच, पाच असा गडी आपल्या जागेवर ठाम आहे.

मध्येच एक विषयांतर. या लेथच्या गियरांच्या पेटीत एक मोठे गियर जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेले मिळाले. दाते मोजले, 127 भरले. हा आकडा असा विचित्र का, याचे उत्तर आपल्या देशाच्या मोजमापांच्या इतिहासात आहे. लीडस्क्रू इंची, आणि देशाने 1956 च्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत स्वीकारली. इंची स्क्रूवरून मिलिमीटरचे आटे पाडायचे तर गुणोत्तरात 25.4 यायलाच हवा, म्हणजे 127 भागिले पाच, आणि 127 ही मूळ संख्या असल्यामुळे तिला लहान करता येत नाही. ज्यांना एवढे मोठे गियर परवडत नसे ते 63 दात्यांवर भागवत. त्यात आठ हजारांत एका भागाची चूक राहते, जी नटाबोल्टला कळतही नाही. मेस्त्रींनी मात्र खरे गियर बाळगले होते, धोतरात गुंडाळून. डब्याच्या पत्र्याला ठिगळ म्हणताना मी हे गियर पाहिलेले होते, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

लेथविषयी एक जुने कौतुक असे सांगतात, की स्वतःसारखे दुसरे यंत्र घडवू शकणारे हे यंत्र आहे. लंडनच्या हेन्री मॉडस्ले यांनी 1800 च्या सुमारास लीडस्क्रू, सरकते टूल आणि बदलती गियरे एकाच भक्कम लोखंडी चौकटीत बसवली आणि हव्या त्या अंतराचा, एकसारखा स्क्रू पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागला. त्या चांगल्या स्क्रूने आणखी चांगला लेथ झाला. आमच्याकडचे पाहायचे तर 1910 मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळावर नांगर करणारा कारखाना उभा राहिला आणि या पट्ट्यातल्या कित्येक घरांत पहिल्यांदा कोणीतरी टर्नर नाहीतर फिटर झाला. हे सगळे कौतुक मला ठाऊक होते, वर्गात मी ते रंगवून सांगतही असे. या कौतुकाची उलट बाजू मात्र कधी मनात आली नव्हती. जे यंत्र आपला सरळपणा जॉबला देते ते आपला पीळही तितक्याच इमानाने देते.

जुलैतल्या एका रात्री मी बुशाला हात घातला.

पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. शेडच्या भिंती घामेजल्या होत्या आणि बेडवर सकाळी लावलेल्या तेलाखालून संध्याकाळी तांबूस ठिपके वर येत होते. चकमध्ये लांब सळई धरून ती वर उचलली की डायलचा काटा दोन शतांश हलत होता. आज मला माहीत आहे, की गनमेटलच्या बुशात तेलाची फिल्म राहायला एवढी जागा लागतेच. दोन शतांश हे तब्येत उत्तम असल्याचे लक्षण होते. त्या रात्री मी त्याला पुरावा समजलो. सी-स्पॅनरने पुढची रिंग नट सोडवली, स्पिंडल बाहेर ओढला. तो निघताना झालेला चिकट, ओला आवाज आणि त्यामागून आलेला जुन्या तेलाचा गोडसर वास मला थांब म्हणत होते, असे आता वाटते. स्पिंडलच्या बुशात फिरणाऱ्या भागाला, जर्नलला, निळा रंग पातळ लावून तो बुशात फिरवला. निळाई बुशाच्या आत जवळजवळ सगळीकडे उमटली. खालच्या बाजूला, पुढच्या कडेजवळ तेवढा एक पट्टा अधिक गडद होता. तिकोनी कानस घासून केलेला स्क्रॅपर हातात होता, स्क्रॅपिंग कसे करतात हे मी वाचलेले होते, आणि रात्रीचे अकरा वाजले होते.

स्क्रॅपर गनमेटलवर टेकवून मनगट जरासे वळवले की सोन्यासारखी एक कणी निघते. ती इतकी सुंदर असते की दुसरी काढावीशी वाटते. मी गडद पट्टा खरवडला, पुन्हा निळा लावला, पुन्हा फिरवला. आता गडद पट्टा दुसरीकडे होता. तो खरवडला. मग तिसरीकडे. केस कापताना एक बाजू लांब राहिली म्हणून दुसरी, दुसरी राहिली म्हणून पहिली, असे करत डोके भादरणाऱ्या नवशिक्या न्हाव्यासारखे माझे झाले. दीड वाजता जुन्या वर्तमानपत्रावर सोनेरी भुकटीचा चिमूटभर ढीग साचला होता, आणि बुशाच्या आत पन्नास वर्षांत स्पिंडलने स्वतःच्या अंगाने घोटून केलेला आरसा नाहीसा झाला होता. सळई उचलून पाहिली, काटा चार शतांश हलला. बुश बाहेरून निमुळता असल्याने नट आवळला की तो आत ओढला जाऊन घट्ट होतो. तसा आवळून काटा पुन्हा दोनवर आणला. आता स्पिंडल हाताने फिरवताना एका जागी जड लागू लागला. दुसऱ्या दिवशी चाचणीचा कट घेतला. फरक पाच शतांश. वहीत त्या रविवारचा रकाना कोरा आहे. तेहतीस वर्षांत मी कोरा रकाना एकाही विद्यार्थ्याला माफ केला नव्हता.

तिथून पुढे दोन महिने मी लेथ चालवला, पण बेतानेच. वेग वाढवला की हेडस्टॉक तापे, नट सैल केला की जॉबवर खवले उमटत. मेस्त्रींना फोन करावा असे दर रविवारी मनात येई आणि दर रविवारी मी तो टाळला. वर्गात ज्याला उत्तर येत नाही तो मुलगा मागच्या बाकावर मान खाली घालून बसतो. माझे तसे झाले होते. शेवटी पितृपक्षात, कशावरून तरी त्यांचीच आठवण निघाली म्हणून, फोन केला. सगळे सांगितले, म्हणजे जुलैची रात्र सोडून सगळे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बारीक कुठं हुतंय? चकाकडं का भाईर?"

"बाहेरच्या टोकाला."

"मग मागल्या पायाखालचा पत्रा कुठं गेला?"

मला घाम फुटला. पत्र्याची आठवण हे त्याचे अर्धेच कारण. अर्धा घाम पदार्थविज्ञानाचा होता. एका टोकाला धरलेली सळई टूलच्या दाबाने वाकते आणि मोकळ्या टोकाला सर्वांत जास्त वाकते. लांबी दुप्पट केली तर आठपट. हा प्रयोग मी शेकडो मुलांकडून मीटरपट्टी आणि वजने देऊन करवून घेतला आहे. वाकलेली सळई टूलपासून दूर पळते, म्हणून मोकळे टोक जाड राहते. माझ्या लेथवर ते बारीक येत होते. म्हणजे सळई दूर पळत नव्हती, टूलच पुढे घुसत होते. बाहेरच्या टोकाला बेड मागे कलला होता आणि त्याच्यावर साडेसहा इंच उंचीवर उभे असलेले टूल आत झुकत होते. दर रविवारी माझ्याच अक्षरात लिहिलेल्या दोन आकड्यांत हे उघड दिसत होते. मेस्त्रींना त्यासाठी एक प्रश्न पुरला. त्यांनी सांगितले, की स्टँड वेल्डिंग करताना मागचा कोपरा ओढला गेला होता. त्याला पत्रा लावून तीन दिवस कट घेऊन पाहिले, तेव्हा कुठे लेथ सरळ बसला. पत्रा त्या स्टँडचा आणि त्या लेथचा होता, जागेचा नव्हता. "लेथ कुठंबी न्ह्या, पत्रा संगं न्ह्यायचा," ते म्हणाले. आणि त्यानंतर, जरा थांबून, त्यांनी बुशाविषयी विचारले.

पत्रा अर्थातच बादलीतून भंगारात आणि भंगारातून कुठल्या तरी भट्टीत गेलेला होता. ओळखीच्या टूलरूममधून एक मशीन लेव्हल, म्हणजे यंत्रांसाठीची फार नाजूक पाणसळ, दोन दिवसांसाठी मागून आणली. तिचे एक घर म्हणजे मीटरला दोन शतांश मिलिमीटर. गवंड्याची पाणसळ मी पहिल्याच दिवशी बेडच्या लांबीवर ठेवून समाधान मानले होते, पण आडवी कधी ठेवलीच नव्हती. आता लेव्हल हेडस्टॉकजवळ आडवी ठेवून पायाखालच्या पाचरींनी बुडबुडा मधोमध आणला, मग ती अलगद उचलून टेलस्टॉककडे ठेवली. बुडबुडा आळस न करता सरळ पुढच्या कोपऱ्यात जाऊन चिकटला आणि तिथून हलेना. मागच्या पायाजवळ डायल लावून मी माझा तो पाइप घालून आवळलेला बोल्ट सोडला. करकर झाली आणि काटा वर चढू लागला, दहा, पंधरा, वीस शतांश. इतके महिने मुरगळून धरलेला चारशे किलोचा बिडाचा बेड श्वास सोडत होता आणि ते मला काट्यावर दिसत होते. हे पाहताना सुटका झाल्यासारखेही वाटले आणि कोणाचा तरी हात पिरगाळत असताना पकडले गेल्यासारखेही.

नवा पत्रा खाकऱ्याच्या रिकाम्या डब्याचा कापला. हिने डबा देताना "झाकण तरी ठेवा" एवढेच म्हटले. एक पत्रा पुरला नाही, खाली पितळेचे पातळ शिम, म्हणजे पत्र्याचे तुकडे, घालावे लागले. घालायचे, बोल्ट थोडा आवळायचा, लेव्हल पाहायची, काढायचे, पुन्हा घालायचे. लेव्हल समाधानी झाल्यावर कट घ्यायचा, कारण शेवटचा शब्द जॉबचा. बोल्ट पाव फेरा जास्त आवळला की बाहेरच्या कड्याचा व्यास एक शतांश हलतो, हे पाहून मी पाइप शेडच्या बाहेर नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही कडी 24.61 आली. मायक्रोमीटर पुसून, जबडे मिटवून, शून्य त्रुटी पाहून पुन्हा मोजली. 24.61. स्टँडवर त्या पायाशेजारी मी पंचने 23 हा आकडा ठोकला, पत्रा आणि शिम यांची मिळून शतांशांतली जाडी. अक्षरांचे पंच माझ्याकडे फक्त इंग्रजी आहेत, आणि 'काढू नये' हे इंग्रजीत ठोकावेसे वाटले नाही.

खंडेनवमीला मेस्त्री आले, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून. मी लेथ पुसून ठेवला होता. चकला झेंडूची माळ, हेडस्टॉकवर हळद-कुंकू, टूलपोस्टसमोर नारळ. माळ काढून त्यांनी ती टेलस्टॉकवर ठेवली आणि "चालू करा" म्हणाले. आधी तळवा बेडवरून लांबवर फिरवला, घरच्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. वाकून मागच्या पायाखाली पाहिले, पत्र्याची कड बोटाने चाचपली, 23 वाचला आणि हसले. मग एक कट घेतला. कीस लांब, न तुटता, चंदेरी येत राहिला. मला वाटले, आता झाले. पण ते तिथून हलले नाहीत. पट्टा वरच्या वेगावर टाकायला लावून त्यांनी पुढच्या बुशावरच्या बिडावर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिले. नातू मोबाइल पाहत होता. बाहेर कुठल्याशा मंडळाचा ढोल वाजत होता. मी घड्याळाकडे पाहिले नाही, तरी दहा मिनिटे नक्की गेली असतील.

त्यांनी लेथ बंद करायला सांगितला. बुशाच्या कडेने तेलाचा एक ओघळ चकच्या मागे उतरला होता. त्यांनी त्यात बोट बुडवले, अंगठ्यावर घासले आणि दाराकडे जाऊन उजेडात धरले. त्या काळ्या तेलात सोनेरी ठिपके चमकत होते, मलाही लांबून दिसले. खिशातून पांढरा रुमाल काढून त्यांनी बोट पुसले, रुमालाची घडी नीट केली आणि तो परत खिशात ठेवला. मग हात पुढे करून म्हणाले, "सी-पाना द्या." मी दिला. रिंग नटावर तो अडकवून त्यांनी वरून हलकी टिचकी मारावी तसा एक ठोका दिला. नट केसभर मागे सरकला असेल नसेल. स्पिंडल हाताने फिरवून पाहिला, तेल सोडले, पुन्हा फिरवला. "थंडीत एवढाच राहू दे. उन्हाळ्यात मी येतो," असे म्हणत पाना माझ्या हातात दिला.

"मेस्त्री, ते बुशाचं..." मी सुरुवात केली.

"सर, च्या सांगितलाय का?" त्यांनी विचारले, आणि टेलस्टॉकवरची माळ उचलून ते ती चकला पुन्हा घालू लागले.